पिझ्झ्याच्या दिवशी लाइन गेली

मैत्रेयीला नेरच्या शाळेत घातलं ते जूनमध्ये. सप्टेंबर उजाडला तरी तिला एकही मैत्रीण नव्हती. वडील धम्मरत्न एसटीत कंडक्टर. त्यांची बदली झाली म्हणून घर मारेगावहून इकडं हललं होतं. डबा एकटीच खाते, असं पोरगी सहज सांगून जायची आणि तिची आई, उर्वशी, हातातला घास परत ताटात ठेवायची. मग एका दुपारी मैत्रेयी उड्या मारतच घरी आली.

"आई, रविवारी माह्या वर्गातल्या पोरी येऊन राह्यल्या आपल्या घरी. म्या सांगतलं, माही आई घरीच पिझ्झा बनवते. त्याची रोटीसुद्धा!"

"मले कुठं येते व पिझ्झा?"

"शिक न मग."

उर्वशीला नाही म्हणवलं नाही. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून ती कामाला लागली. पहिल्यांदा यीस्ट कडकडीत पाण्यात पडलं आणि मैदा होता तसाच बसून राहिला. पुढच्या वेळी फुगला, पण मधून कच्चा राहिला. नंतर मात्र जमलं. टमाटे, लसूण आणि लाल मिरची शिजवून तिनं सॉस केला, यवतमाळहून आणलेल्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये ताट सरकवलं आणि काचेला नाक लावून बसली. चीजवर तांबूस ठिपके उमटले, तेव्हा मैत्रेयीनं टाळ्या वाजवल्या.

ओव्हन विजेचाच घेण्याला कारण होतं. उर्वशी गॅस पेटवत नसे. ती लहान असताना मारेगावातच, माहेरच्या घरात, तिच्यासमोर स्टोव्हचा भडका उडाला होता. आत्याच्या नायलॉनच्या साडीनं पेट घेतला. आत्या वाचली, पण तिच्या दोन्ही हातांची कातडी आखडली ती कायमची. तेव्हापासून जाळ दिसला की उर्वशी मागं सरायची. लग्नानंतर हे कळलं तेव्हा धम्मरत्न दुसऱ्याच दिवशी विजेवर चालणारं इंडक्शन घेऊन आला. लाइन गेली तर गॅस तोच पेटवायचा. तो ड्यूटीवर असला तर मायलेकी चिवड्यावर भागवायच्या. मैत्रेयीला वाटे, आईला चिवडा आवडतो.

रविवारी दुपारी धम्मरत्न दारव्ह्याच्या गाडीवर होता. मैद्याचा गोळा फुगून पातेल्याच्या काठाला आला होता. शिमला मिरची, कांदा, मक्याचे दाणे, सगळं चिरून, सोलून तयार होतं. उर्वशीनं ओव्हन तापायला लावला तेवढ्यात फाटक वाजलं आणि पोरी हसत-खिदळत अंगणात शिरल्या. बाहेर वारा सुटला होता. पंखा दोन गरके मारून थांबला. ओव्हनचा लाल दिवा विझला.

येईल आता, असं म्हणत ती उभी राहिली. गोळा पातेल्याबाहेर यायला लागला. तिनं तो दाबून पुन्हा मळला. लाइन आली नाही. अंगणातून एकीचा आवाज आला, "मैत्रेयी, खरंच बनवते का व तुही आई?"

उर्वशीनं नवऱ्याला फोन लावला.

"लाइन गेली."

"येईल न."

"पोरी येऊन बसल्या आहेत."

तिकडं त्यानं कोणाला तरी तिकीट दिलं. मग तो हळूच म्हणाला, "नाहिदभाभीले बोलव."

शेजारची नाहिद हात पुसतच आली. लायटर दाबून तिनं बर्नर पेटवला, वर तवा ठेवला. उर्वशी दारातच उभी होती.

"रोटी एका बाजूनं शेकायची, पलटवायची, मग वरून सारं टाकून झाकण ठेवायचं," उर्वशीनं व्हिडिओत पाहिलेलं सांगितलं.

"मग ये न इकडं. मीच करू का सारं?"

दोघींनी मिळून पहिला पिझ्झा तव्यावर चढवला. नाहिदनं आच अगदी बारीक केली. "माह्या घरी पाहुणे बसले आहेत भाभी. होत आलं की आवाज दे, मी बंद करते," असं म्हणून ती गेली.

उर्वशी पाटावर, शेगडीपासून होईल तितकी लांब बसली. मागचं दार वाऱ्यानं धाडकन आपटलं. ती दचकली, उठून दार लावून आली. पुन्हा बसली आणि तिला वास आला. आधी वाटलं, लसणाचा असेल. मग तिनं वाकून तव्याखाली पाहिलं. जाळ नव्हता.

पाय आपोआप बाहेर वळले. उंबऱ्यात येऊन ती ओरडली, "साऱ्या जणी फाटकाबाहेर व्हा! निंबाखाली!"

"काय झालं आई?"

"जा म्हणलं न!"

पोरी पळाल्या. तीही पळणार होती. पण तिला आठवलं, ओव्हनचं बटण चालूच आहे. फ्रिजचंही. लाइन कधीही येईल, आत गॅस भरलेला, आणि एक ठिणगी पुरे. लाइन नव्हती तोवरच काय ते करता येणार होतं. नाहिदला बोलवायलाही वेळ नव्हता.

ती आत गेली. शेगडीची कळ फिरवली, सिलिंडरचं रेग्युलेटर बंद केलं. पहिल्या खेपेला ते फिरलंच नाही, तिनं पुन्हा जोर लावला. ओव्हनची पिन ओढली, फ्रिजची ओढली, खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडून त्याला दगडी पाटा लावला. बाहेर येऊन न्हाणीशी भडाभडा ओकली.

मैत्रेयी फाटकाशी उभी होती. तिनं आईला असं कधी पाहिलं नव्हतं.

"राहू दे पिझ्झा," ती म्हणाली. "मी सांगते त्यायले."

"काय सांगशील?"

"का तुले बरं वाटून नाई राह्यलं."

"काही नको सांगू," म्हणत उर्वशीनं तोंड धुतलं. वास पार जाईपर्यंत ती अंगणातच बसून राहिली. मग आत जाऊन पुन्हा पुन्हा हुंगून पाहिलं. मागचं दार लावलं, खिडकी उघडीच ठेवली, पदर कमरेला घट्ट खोचला, रेग्युलेटर पुन्हा चालू केलं. लायटर पहिल्यांदा दाबला तेव्हा तिनं डोळे मिटले होते, ठिणगी पडलीच नाही. पुढच्या वेळी डोळे उघडे ठेवले. निळा जाळ गोल उमटला आणि ती मागं सरकून भिंतीला टेकली. किंचाळली नाही. जाळ तिथंच, बर्नरवरच राहिला.

तव्यावरचा अर्धा कच्चा पिझ्झा तिनं शेकून काढला. तो खालून काळा पडला. नंतरचे बरे झाले. प्रत्येकाच्या वेळी ती वाकून तव्याखाली बघत राहिली, त्यामुळे एकावर मीठ दोनदा पडलं. पोरींनी तोही संपवला.

"काकू, पुढच्या रविवारी येऊ का?" एकीनं विचारलं, आणि उर्वशीनं एकदा शेगडीकडं पाहिलं.

"या," ती म्हणाली.

धम्मरत्न संध्याकाळी आला तेव्हा लाइन आली होती. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मग पुन्हा पेटवला कोणं? नाहिदभाभीनं?"

"म्या."

तो काहीतरी गमतीनं बोलणार होता, पण ती उठून पुन्हा एकदा रेग्युलेटर बघून आली. त्यानं तिचे हात हातात धरले.

उर्वशीची भीती गेली नाही. स्वयंपाक अजूनही इंडक्शनवरच होतो. पण दुपारचा चहा ती आता गॅसवर करते, आधी खिडकी उघडून, आणि चहा उकळेपर्यंत शेगडीपासून हलत नाही. मैत्रेयीचा डबा आता पाच जणी मिळून खातात.