नऊच्या पाच खुर्च्या

तैवानातल्या लुकांगच्या नळ-कारखान्यात आ-लुआन आणि मी एकाच बाकावर पितळ घासलं. तिचा जीव एका जागी कधी ठरलाच नाही. जेवायचीसुद्धा उभ्यानेच.

मंदीत थाऊकेने, म्हणजे आमच्या मालकाने, बोनसऐवजी कामगारांना कंपनीचे शेअर वाटले. आम्ही ते कपाटात टाकले. आ-लुआनने मात्र चौकशी केली. संचालक मंडळाच्या नऊ जागा, म्हणून एका शेअरला नऊ मतं, आणि ती सगळी एकाच माणसाला देता येतात. "विखुरलो तर मेलो, एकाच नावावर ओता," म्हणत ती दारोदार फिरली. नाव तिचंच ठरलं, कारण दुसरं कुणी धजेना.

निवडून आली. मुदत तीन वर्षांची. दर बैठकीत तिचा एकच धोशा, की घासणखात्यात धूळ ओढणारं यंत्र बसवा, माणसं खोकून अर्धी झालीत. थाऊके हसायचा. "आ-लुआन, चहा घे. गार होतोय."

मुदत निम्मीही सरली नाही तोच नोटीस आली: मंडळ यापुढे पाच जणांचं, आणि सगळ्यांची निवडणूक आत्ताच, नव्याने.

"पाच झाले तर काय बिघडलं?" मी विचारलं.

"अगं, नऊ असताना निवडून यायला शेअरांच्या दहाव्या हिश्श्याहून थोडं जास्त पुरत होतं. पाच झाले की सहाव्याच्या वर लागतं. आपल्याकडे जेमतेम आठवा. मला हाकललं तर बोभाटा होईल, म्हणून खुर्च्याच उचलतोय मेला!"

मग तिची स्कूटर थांबेना. आपलं मत तिला टाकू देणारी मुखत्यारपत्रं गावभर गोळा करत सुटली. थाऊकेची माणसंही फिरत होती, मताच्या बदल्यात भाताचा कुकर देत.

"कुकरावर मत विकलंस?" तिने आमच्या जुन्या सोबतिणीला, आ-खिमला, दारातच झापलं.

"माझा जुना बिघडलाय! तुझं यंत्र भात शिजवणार आहे का?"

शेवटी ती थाऊकेच्या विधवा भावजयीकडे गेली. नवऱ्यामागे त्या श्वे-अबाईंना मंडळातून अलगद बाजूला सारलं होतं. विसाव्या हिश्श्याचे शेअर मात्र त्यांच्याच नावावर होते.

तिथून ती थेट माझ्या घरी आली आणि मी धुतलेली भाजी पुन्हा धुवायला लागली.

"बाई म्हणतात, हात मिळवू. दोघींचं मिळून सहाव्याच्या वर जातं. पण उभ्या त्या राहणार. पितळ घासणारीच्या मागे नाही यायच्या."

"आणि यंत्र?"

"बसवते म्हणाल्या. तोंडी."

"फिरल्या तर?"

"तर तीन वर्षं बोंबलायचं. दुसरं काय आहे हातात?"

सभेत पाच जागांचा ठराव सहज पास झाला. मतमोजणी चालू असताना आ-लुआनला खुर्चीवर बसवेना. ती कारखान्याभोवती फेऱ्या घालत राहिली. श्वे-अबाई पाचव्या, शेवटच्या जागेवर निवडून आल्या. थाऊकेने त्यांना वाकून नमस्कार केला. आ-लुआनकडे कुणी पाहिलंही नाही.

पुढे कित्येक महिने बाईंची गाडी फाटकातून काच न उतरवता जायची. आ-लुआनची झोप उडाली. "खुर्ची मीच देऊन आले गं," एवढंच म्हणायची.

उन्हाळा सरता सरता यंत्र आलं. घासणखात्याच्या दोन शेडपैकी एकीतच बसलं. कारखान्यातली पोरं म्हणाली, मावशी, आता तरी घरी स्वस्थ बसा. तिने हेल्मेट चढवलं आणि दुसऱ्या शेडचं विचारायला श्वे-अबाईंच्या घराकडे निघाली.