घाटकोपरची हवा

आमची पोस्ट अठरा हजार फुटांवर होती. सात जण, दोन फायबरचे हट, एक मशीनगन आणि बाकी सगळा बर्फ. तिथे हवेचा दाब मुंबईच्या निम्मा. हे सांगितलं की सिव्हिलियन लोक हटकून थंडीबद्दल विचारतात. थंडीला कपडे मिळतात. विरळ हवेवर अंगात काही घालता येत नाही.

त्या हवेत वस्तूंचंही वागणं बदलतं. पाणी लवकर उकळायचं, पण डाळ शिजायची नाही. जनरेटरला धाप लागायची. टूथपेस्टचं झाकण काढलं की पेस्ट आपणहून बाहेर यायची. हेलिकॉप्टर तिथून एका खेपेत एकच आजारी माणूस उचलायचं.

नाईक परब माझा बडी. मूळचा कणकवलीचा, वाढला घाटकोपरला. मी चारकोपचा. पोस्टवर मुंबईचे आम्ही दोघेच, त्यामुळे भांडायलाही दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या आईने केळ्याच्या वेफर्सची तीन पाकिटं धाडली होती. वर येईपर्यंत ती टम्म फुगली. दोन वाटेतच फुटली. उरलेलं परबने खिळ्याला टांगून ठेवलं.

"फोड ना रे, किती दिवस नुसतं बघत बसायचं?" मी म्हटलं.

"गप रव. ह्यात घाटकोपरची हवा आसा. खाली गेल्यावर फोडूया."

"वेफर्सच्या पण डोक्यात हवा गेली वाटतं तुझ्या."

एका सकाळी बर्फ उपसताना मला खोकला सुटला. थुंकीत गुलाबी फेस आला. सुभेदार साहेबांनी माझ्या पाठीला कान लावला आणि सरळ रेडिओकडे गेले. फुप्फुसात पाणी झालं होतं. फौजेत याला हापो म्हणतात. खरं औषध एकच, खाली उतरणं.

"पेशंट सीरियस. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"वेदर क्लोज्ड. वेट. आउट."

साहेब म्हणाले, "बॅगेत घाला याला."

ही बॅग म्हणजे माणूस मावेल एवढी हवाबंद पिशवी. तिला चेन आणि एक छोटी पारदर्शक खिडकी असते. बाहेरून पायाच्या पंपाने हवा भरत राहायची. आतला माणूस जागचा न हलता काही हजार फूट खाली उतरल्यासारखा होतो. पंप मात्र थांबवता येत नाही, नाहीतर आतली हवा कोंदते. आमच्या बॅगेच्या गेजचा काटा अडकला होता. दाब कळणार कसा? परबने खिळ्यावरचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं.

"दाबत रव. बोट रुतला तर हवा बरोबर. नाय रुतला तर टकटक कर."

चेन बंद झाली. कानांना दडे बसले. पाकीट हळूहळू नरम पडलं आणि बोट रुतायला लागलं. आत पंपाच्या आवाजात बाहेरचं अर्धवटच ऐकू यायचं. मला मरणाची भीती वाटत होती, आणि ती सांगायला हाताच्या अंतरावर कुणी नव्हतं. मधूनच खिडकीत परबचा चेहरा यायचा.

"रुतता काय रे?"

मी मान हलवायचो.

एकदा पाकीट पुन्हा कडक झालं. मी टकटक केली. चेनच्या टोकातून हवा निसटत होती. परबने तिथे गुडघा रोवला आणि दुसऱ्या पायाने पंप चालू ठेवला. त्या उंचीवर बुटाची नाडी बांधतानाही दम लागतो. एक जण पहाऱ्यावर होता, तिघे हेलिपॅडवरचा बर्फ काढत होते.

"परब, बदली घे. मी बसतो पंपावर," साहेबांचा आवाज आला.

"घेतो, साहेब."

त्याने ती घेतली नाही.

दुपारी ढग फाटले. मला हेलिकॉप्टरमध्ये चढवलं तेव्हा पाकीट माझ्या मुठीतच होतं. मी ते त्याच्यापुढे धरलं.

"ठेव तुझ्याकडे. खाली भेटलो की फोडूया," परब म्हणाला.

चौथ्या दिवशी बेस हॉस्पिटलमध्ये साहेबांचा फोन आला. "परब गेला. हापो. वेदर बंद होतं. बॅगेत ठेवला होता, सगळ्यांनी बारीबारीने पंप मारला."

"साहेब, चेन धरली होती?"

"धरली होती रे."

डॉक्टर म्हणाले, हा आजार कुणालाही होतो. रात्री उशीत तोंड खुपसून रडलो.

आता चारकोपला एकटा राहतो आणि पॅकिंगच्या एका कारखान्यात नोकरी करतो. तिथे गळती तपासायला पाकीट काचेच्या पेटीत ठेवून पेटीतली हवा ओढून घेतात. ते फुगलं की पास. बाकीच्यांना गंमत वाटते. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहतो.

परबचं पाकीट डोंगर उतरता उतरता सैल होत गेलं. घाटकोपरला पोचलं तेव्हा ते दुकानातून निघालं होतं तसंच झालं होतं. त्याच्या आईने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"फोडलास नाय?"

"दोघांनी मिळून फोडायचं ठरलं होतं, काकी."

मग मी तिला बॅगेतली सगळी हकीकत सांगितली. तिने पाकीट फोडलं नाही. परबच्या फोटोपुढे ठेवलं.

दरवर्षी त्याच्या दिवशी मी घाटकोपरला जातो. हार घालतो आणि सवयीने पाकिटावर बोट दाबतो. काकी आत चहा टाकत असते. तिथूनच विचारते,

"रुतता काय रे?"

"रुततंय, काकी."