खाली कोण हाय?

काहीही उचलायच्या आधी आबा एकदा वाकून विचारायचे, "खाली कोण हाय?"

प्रश्न त्यांच्या नोकरीचा होता. अंबडच्या ज्या फोर्जिंग कारखान्यात मी प्लॅनिंगला होतो, तिथं ते क्रेन चालवायचे. शेडच्या छताखाली रुळांवरून सरकणारी ती अजस्र क्रेन, तिला लटकलेली पत्र्याची केबिन आणि केबिनच्या खिडकीतून बाहेर आलेलं आबांचं डोकं, हे मी नव्वदच्या सुमारास नोकरीला लागलो तेव्हापासून पाहत होतो. हुकाला लटकायचे ते डाय, म्हणजे पोलादाचे सबंध ठोकळे, एकेक हत्तीच्या वजनाचा. ते माणसांच्या डोक्यांवरून इकडून तिकडे जायचे. म्हणून तो प्रश्न. खालून कोणीतरी "कोणी नाही!" असं ओरडायचं, मगच साखळी ताणली किंवा सोडली जायची.

कामावरची सवय माणसाबरोबर घरी येते, हे तुम्हीही पाहिलं असेल. आबा पंचवटीत, भाजीबाजारामागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. गॅलरीतून सतरंजी झटकायची असली तरी आधी कठड्यावरून हाक, "खाली कोण हाय?" मेथी विकणारी बाई मान वर न करता उत्तर द्यायची, "मी हाय आबा! झटका तुम्ही, मेथी धुवायचीच हाय!" एकदा मी त्यांच्याकडे जेवत होतो. मावशी, म्हणजे त्यांची बायको, वरच्या फळीवरचा डबा काढायला टाचा उंच करून उभ्या राहिल्या. आबा पानावरूनच बोलले, "खाली कोण हाय?"

"झुरळ हाय," मावशी म्हणाल्या. "त्याला विचारून उतरवू का डबा?"

वणीकडच्या खेड्यातून आलेला हा माणूस जमिनीवर तसा बुजराच होता. साहेब लोक दिसले की भिंतीकडेनं चालायचा. पण शिडी चढून केबिनमध्ये बसला की त्याच्या बसण्यात काहीतरी बदलायचं. "वरून सगळी सारखीच दिसत्यात भाऊ," मला म्हणायचे. "नुसत्या टोप्या."

आबांच्या निवृत्तीला थोडा काळ उरला होता, तेव्हापासून ते फार काळजी घ्यायला लागले. पूर्वी एकदा विचारायचे, आता दोनदा, तीनदा विचारायचे. पूर्वी खालचा खलाशी, म्हणजे हुकाला साखळी बांधणारा नाना, नुसता हात हलवायचा आणि तेवढं पुरायचं. आता आबा वरून ओरडायचे, "हात नको हलवू, तोंडानं सांग!" नाना वैतागायचा. आम्ही त्याला समजवायचो, म्हातारपण आहे, जाता जाता डाग लागू नये असं वाटतं माणसाला.

आणखीही काही गोष्टी होत्या. आबा पाळी सुरू व्हायच्या बरेच आधी येऊन केबिनमध्ये बसायला लागले होते. स्कूटर विकून रिक्षानं येऊ लागले होते. "पाठ दुखते," म्हणाले. एकदा त्यांनी डाय लाकडी ओंडक्यांवर ठेवायच्या ऐवजी अर्धा बाहेर ठेवला. तो कलंडला आणि फरशीला तडा गेला. आबा म्हणाले, ब्रेक सैल झालाय. मेंटेनन्सवाल्यांनी दिवसभर ब्रेक तपासला. त्यांना काही सापडलं नाही. यातली एकेक गोष्ट कोणालाही खटकली नसती, आणि कोणाला खटकलीही नाही.

त्याच दिवाळीला आबांनी टीव्ही घेतला. भिंतीएवढा. तेव्हा तसले सपाट टीव्ही आमच्या साहेबांच्या घरीही नव्हते. कँटीनमध्ये थट्टा झाली, "आबा, थिएटर काढलं का?" आबा हसले. मग हळूच माझ्याजवळ आले. पुण्याच्या जावयानं एक हार्ड डिस्क पाठवली होती. तिच्यात मुलीच्या लग्नाची सगळी फिल्म होती. टीव्हीच्या मागं ती लावायला जागा होती, पण लावली तरी टीव्ही काही दाखवत नव्हता.

"तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं भाऊ. रविवारी येता का? मावशी मांडे करतील."

मी गेलो. लॅपटॉप नेला होता. टीव्हीच्या अगदी पुढ्यात, हात लांबवला तर पडद्याला लागेल इतक्या जवळ, एक खुर्ची मांडलेली होती. मी मनात म्हटलं, नव्या वस्तूची हौस.

अडचण साधी होती. जावयानं डिस्क कॉम्प्युटरच्या पद्धतीनं तयार केली होती आणि टीव्हीला ती पद्धत वाचता येत नव्हती. डिस्क टीव्हीच्या पद्धतीनं फॉरमॅट करायला हवी होती. पण फॉरमॅट केली की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी नक्कल काढून घ्यायला हवी.

"म्हंजे घर सारवायचं तर आधी सामान अंगणात काढायचं," आबा म्हणाले.

"तसंच. आणि आणखी एक आहे. तुमची फिल्म एकसंध आहे, फार मोठी. टीव्हीच्या मांडणीत एवढी मोठी फाईल मावत नाही. तिचे दोन तुकडे करावे लागतील."

"लग्न तोडायला लावता का आमच्या पोरीचं?"

"दोन भाग करू. हळदीपर्यंत एक, पुढे एक."

"मग चालंल. तेवढं माझं रडणं पहिल्या भागात टाका. एकदा बघून मोकळं व्हायला बरं."

नक्कल लॅपटॉपवर उतरेपर्यंत आमची जेवणं झाली. मग मी डिस्क टीव्हीला लावली. फॉरमॅट करू का, असं हा टीव्ही स्वतःच विचारायचा. पडद्याच्या मधोमध एक मोठी लाल चौकट यायची. वायर ढिली बसत होती, म्हणून मी टीव्हीच्या मागं जाऊन ती दाबून धरली. रिमोट आबांच्या हातात होता.

"आबा, काही आलं का पडद्यावर?"

"नाय."

मी वायर हलवली. "आता?"

"नाय भाऊ. तसंच हाय, निळं."

"लाल चौकट येईल बघा. मोठी आहे, चुकायची नाही."

"बघतोच हाय ना. काय नाय आलं."

मी वायर तशीच सोडून पुढं आलो. पडद्याच्या मधोमध लाल चौकट होती. ताटाएवढी. कधीपासून होती कोण जाणे. आबा त्या खुर्चीत बसून थेट तिच्याकडे पाहत होते. चेहऱ्यावर मदत करणाऱ्या माणसाचं हसू होतं.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या होत्या. त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको, अशी.

मी आबांच्या हातातून रिमोट घेतला. "आली आत्ता," म्हटलं आणि 'होय' दाबलं. डिस्क पुसली जाऊ लागली. आबांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "होतंय."

फिल्म कापून पुढच्या रविवारी आणतो, असं सांगून मी डिस्क घेऊन निघालो. मावशी जिन्यापर्यंत आल्या.

"कवापास्नं?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना मीही त्यांच्यासारखाच बोलायचो.

"लय दिवस झाले. काचबिंदू. आधी बाजूबाजूचं गेलं, आता मधलंबी धुरकट झालंय. तिकडं कोणाला माहीत नाय." त्यांनी माझा हात धरला. "भाऊ, नोकरीचं थोडंच राहिलंय त्यांचं."

पंचवटीतून घरी येईपर्यंत मला एकच गोष्ट ऐकू येत होती. इतकी वर्षं तो प्रश्न आम्ही सवय म्हणून ऐकला होता. आता तो खराच प्रश्न होता. खाली कोण आहे हे वरच्या माणसाला माहीत नव्हतं. फिल्मची नक्कल माझ्या लॅपटॉपमध्ये सुरक्षित होती, पण खाली उभ्या असलेल्या माणसाची नक्कल काढून ठेवता येत नाही.

सोमवारी मी लवकर गेलो. आबा शिडीशी होते. एक हात पहिल्या पायरीवर, दुसरा वरची चाचपत.

"आबा, आज वर जाऊ नका."

ते थांबले. वळले नाहीत. "हिनं सांगितलं?"

"टीव्हीनं सांगितलं. चौकट समोर होती."

त्यांचा हात पायरीवरच राहिला. शेडमध्ये अजून भट्टीचा आवाज सुरू झाला नव्हता.

"दरवर्षी डोळे तपासत्यात," ते म्हणाले. "तक्ता तोच हाय. पाठ झालाय मला. मारुतिस्तोत्रासारखा." मग म्हणाले, "मला आवाजावरनं कळतं भाऊ. साखळी बोलते. नाना बोलतो. हूक कुठं हाय ते मला हाताला कळतं."

"आणि कोणी बोललंच नाही तर?"

ते एक पायरी चढले. "आजची पाळी काढू द्या. संध्याकाळी मीच सांगतो साहेबाला."

"आबा, तुम्ही चढलात तर मी आत्ताच सांगायला जाणार."

"जा," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. आणि ते चढत गेले.

मी धावतच मॅनेजरच्या केबिनकडे गेलो. आत बाहेरगावची माणसं बसली होती. शिपाई सोडेना, तोवर पाळी सुरू झाली. मी त्याला बाजूला करून आत शिरलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं, साहेब, क्रेन थांबवा. ते चिडून उठले. आम्ही दोघं पायऱ्या उतरत होतो तेव्हा क्रेनचा भोंगा वाजू लागला. थांबेचना.

शेडमध्ये सगळी कामं जागच्या जागी थांबली होती. मधल्या भागात डाय हवेत लटकत होता, माणसाच्या डोक्याच्या थोडा वर, किंचित डुलत. त्याच्या बरोबर खाली कंत्राटदाराचा एक नवा माणूस ओणवा होऊन सांडलेले बोल्ट गोळा करत होता. कानात बोळे घातलेले. त्याला भोंगाही ऐकू येत नव्हता. मग नाना धावला, त्यानं त्याला कॉलरला धरून फरफटत बाहेर ओढलं.

आबांचा आवाज वरून आला, "दुसऱ्याला पाठवा वर. मी उतरवणार नाय."

दुसरा ऑपरेटर चढला. त्यानं डाय ओंडक्यांवर ठेवला, आणि मगच शेडमध्ये आवाज झाला. सगळे एकदम बोलू लागले. काय नजर आहे आबांची! एवढ्या वरून, एवढ्या धुरातून! या वयात! आबा एकेक पायरी चाचपत खाली आले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, यांची क्रेन थांबवायला सांगत होतास का, अशा नजरेनं.  त्या क्षणी मला वाटलं, राहू द्यावं. इतकं सगळं त्यांच्या बाजूनं झालं आहे, तर राहू द्यावं.

तो नवा माणूस रडत आला आणि आबांच्या पायावर वाकला.

आबा मागं सरकले. "पाया नको पडू," ते म्हणाले. मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, केबिनमधून बोलायचे तसं बोलले, "मला तू दिसला नव्हता. मी दोनदा विचारलं, नाना काय बोलला नाय, म्हणून मी थांबलो. नाना बोलला असता तर मी सोडला असता. तू मला आत्ताबी दिसत नाय."

नानानं डोक्यावरची टोपी काढली. ओंडके आणायला तो चार पावलं बाजूला गेला होता, एवढंच.

त्या दिवशी मी आबांना रिक्षानं घरी पोचवलं. वाटेत ते एकदाच बोलले, "टाळ्या वाजवायला नको होत्या त्यांनी." त्यानंतर आबा कारखान्यात आले नाहीत. निरोपाच्या कार्यक्रमालाही मावशींना पाठवलं. नवा ऑपरेटर चांगला होता, हात हलवला की त्याला पुरायचं. पण कितीतरी दिवस खालची माणसं डाय हलायच्या आधी आपोआप ओरडायची, "कोणी नाही!" आणि कोणी विचारलं नव्हतं हे लक्षात येऊन एकमेकांकडे पाहायची.

मी लग्नाचे दोन भाग करून डिस्क देऊन आलो. टीव्ही आता व्यवस्थित दाखवत होता. आबा रोज एक भाग लावायचे. सुरुवातीला खुर्ची पुढं ओढून मान तिरकी करून बघायचे. पुढं मान तिरकी करणंही थांबलं. आवाजावरून नावं सांगायचे, ही माझी बहीण, हा दिंडोरीचा व्याही, बघा कसा खोकतो. मुलगी फार बोललेली नव्हती त्या फिल्ममध्ये. नवरी कुठं बोलते?

मी शेवटचा गेलो, त्यानंतर ते मुलीकडे पुण्याला गेले आणि तिकडेच वारले. माझ्या त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी दुसरा भाग लागला होता. सनई वाजत होती.

"ती कुठं हाय आत्ता?" आबांनी विचारलं.

मावशींनी त्यांचा हात धरून उठवलं, बोट पडद्यावर नेलं आणि मुलीच्या चेहऱ्यावर टेकवलं. आबांनी बोट काढलं नाही. पडद्यावर मुलगी हसली, कोणाच्या तरी हाकेला वळली आणि चालत बाजूला निघून गेली. मग मांडव रिकामा झाला. दोन माणसं खुर्च्या एकावर एक रचायला लागली. बोट त्यातल्या एकाच्या पाठीवर होतं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. 

"बघा," आबा म्हणाले, "कशी शांत उभी हाय."