हिराआत्याचे डझनभर कप

हिराआत्या गेल्याचं मला कचेरीत कळलं. तिच्या शेजारच्या काशीकाकूंचा मुलगा गावाहून, बोनकोड्याहून, निरोप घेऊन पोचला, तोवर सगळं उरकलं होतं. त्याला आता दीड महिना झाला.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी तापाने गेला, मूल नव्हतं. ती खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची आणि होडीने ठाण्याच्या बाजारात नेऊन विकायची. मोजताना पहिलीला तिने कधी 'एक' म्हटलं नाही. लाभ, दोन, तीन… आमच्याकडे धान्य, मीठ मोजणारे सगळेच असं म्हणतात, बरकतीसाठी. आत्याचं कारण वेगळं होतं. "एक म्हनलं का ते एकटं रातं."

'डझन' हा शब्द तिला मी सांगितला, शाळेत इंग्रजी सुरू झालं त्या वर्षी. पन्नास सालानंतरची गोष्ट. डझन म्हणजे बारा, म्हटल्यावर ती हसली. "आमची कोडी इसाची. साहेबाला बाराच्या फुरं मोजता येत नसंल!" पण शब्द तिने उचलला. बाजारात चिंबोऱ्या डझनाने जाऊ लागल्या, घरात अंडी डझनाने आली, आणि मी ऐकलं नाही की "डझन येला सांगलं तुला" सुरू होई. 'अर्धा डझन' मात्र ती कधी म्हणाली नाही. अर्ध्याने घर भरत नाही, म्हणे.

वर्तमानपत्रात नोकरी लागली आणि मी मुंबईत खोली घेतली. पहिल्या सुट्टीत गेलो तेव्हा तिने विचारलं, "तिकडं मानसं हायेत का तुला, बाला?"

"डझनभर मित्र आहेत. घेऊन येतो एकदा. चहा कर."

"कवा?"

"दिवाळीनंतर."

दिवाळीनंतर निवडणुका आल्या, मग रात्रपाळी आली. मी एकटाच जात राहिलो. वर्षातून दोनदा, मग एकदा. तिने पुन्हा विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात तिचं घर उघडलं. फळीवर एक खोका होता. आत पेंढ्यात गुंडाळलेले कप. काशीकाकू दारातून म्हणाल्या, "तू बोललास त्याच दिवालीला आनले तिनं. ठान्यावरनं डोक्यावर आनले, पन येक फुटला नाय. बोलली, बालाचे दोस्त येनार हायेत." स्वतः ती शेवटपर्यंत जर्मनच्या, ॲल्युमिनियमच्या पेल्यातूनच चहा प्यायली.

मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, ही आमच्या कामाची सवय. पहिल्या कपावर बोट ठेवलं, पण 'एक' म्हणवेना… लाभ, दोन, तीन. खोक्यात अकरा भरले.

बारावा चुलीजवळ उपडा होता. मी गेलो की चहा त्यातच मिळायचा.