न जुळणारं रक्त

लॅबमध्ये त्यांना सगळे नुसतंच बाई म्हणत. बावीस वर्षं एकच काम: कॅन्सरच्या पेशींत माणसाच्या रक्तातल्या मारेकरी पेशी मिसळायच्या आणि चार तासांनी मेलेल्या मोजायच्या. नव्या मुलींना बाई सांगायच्या, "ही मारेकरी पेशी भेटेल त्या पेशीला चाचपते. ओळखीची खूण सापडली तर सोडते, नाहीतर भोक पाडून मारते. आपल्या नातेवाइकांसारखी तोंडदेखली विचारपूस नाही!" बाईंची जीभ तिखट, पण हात चोख.

मग नवऱ्यालाच रक्ताचा कॅन्सर झाला. डॉक्टरांना विचारून बाईंनी त्याचा नमुना स्वतःच तपासला. त्याच्या मारेकरी पेशींनी कॅन्सरला चाचपलं आणि घरचाच म्हणून सोडून दिलं. कॅन्सरच्या शंभर पेशींतल्या जेमतेम चार मेल्या. तपासणीसाठी घेतलेलं धाकट्या दिराचं रक्त अर्धंच जुळत होतं. त्याच्या पेशींना कॅन्सरवर आपली खूण सापडेना. शंभरातल्या साठ मेल्या.

"दिराचाच बोनमॅरो घेऊ, म्हणजे त्याच्यासारख्याच मारेकरी पेशी यांच्या अंगात तयार होतील," डॉक्टर म्हणाले. "पूर्ण जुळत नाही, तेच आपल्या फायद्याचं आहे."

बाई तडक दिराकडे गेल्या, सगळं समजावून सांगितलं. "बघतो वहिनी, सुट्टीचं जमलं की कळवतो," तो म्हणाला. नंतर तो फोन उचलेना. जन्मात कुणापुढे न वाकलेल्या बाईंनी त्याच्या ऑफिसच्या जिन्यात त्याचे पाय धरले. तरी तो आला नाही. दीड महिन्यात नवरा गेला.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं, तेव्हा दीर मधोमध बसून रडत होता. "माझं रक्त जुळलं असतं ना, तर मी एका पायावर तयार होतो!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जुळत नव्हतं म्हणूनच हवं होतं, भावोजी. माहीत होतं तुम्हाला."

दिराने मान खाली घातली. कोपऱ्यातून सासूबाई बोलल्या, "त्याला बोलू नकोस. मीच नको म्हटलं. एक हातचा जातच होता. त्याच्यापायी दुसऱ्याला काही झालं असतं, तर मी कुणाकडे बघायचं होतं?"

"अहो आई, त्यांना काही झालं नसतं! चार दिवस अंग दुखलं असतं, बास."

"हे तुला ठाऊक. मला कुणी सांगितलं?"

 दीड महिना बाई डॉक्टरांशी, दिराशी बोलत हिंडल्या होत्या. घरातच, शेजारच्या खोलीत जाग्या असलेल्या सासूबाईंपाशी मात्र एकदाही बसल्या नव्हत्या.