सुरतेचा माल

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आल्याचं मला गल्लीतल्या सेठच्या दुकानातल्या टीव्हीवर कळलं, आणि त्या दिवशी माझा नवरा सुरतेतच होता.

बातम्यांत स्टेशनवरची गर्दी दाखवत होते. सगळ्यांच्या तोंडाला फडकी. मी त्या गर्दीत ह्यांचा शर्ट शोधत होते, जसा काही कॅमेरावाला खास मला दाखवायलाच तिथे गेला होता. सेठ म्हणाला, “बाई, बैठ जा. पानी पी.” मी बसले नाही. बसले असते तर उठता आलं नसतं.

सेठ म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही लहान मुलींचे फ्रॉक शिवत होतो तो सिंधी व्यापारी, फाळणीनंतर इथल्या निर्वासितांच्या कॅम्पात आलेला. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात त्याचं दुकान, आणि समोरच आमचा गाळा. सात-आठ मशिनं, कापड कापायचं एक टेबल, आणि फक्त कटिंग मास्टरला वारा देणारा एक पंखा. ह्यांची अंबरनाथची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही ही मशिनं घेतली. ह्यांना शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं, मला कळत होतं. म्हणून बाहेरचं हे बघत, आतलं मी, आणि भांडण दोघं मिळून.

वर्षभर आम्ही मिळेल ते काम करायचो, पण तगायचो ते दिवाळीच्या सीझनवर. दिवाळीचा फ्रॉक चमचमणारा लागतो, आणि तसं कापड सुरतेचंच. दसऱ्याच्या आधी हे स्वतः जाऊन माल निवडत आणि कापडाच्या गाठींबरोबरच ट्रकमध्ये बसून परत येत. वाटेत गाठी बदलतात असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी दरवर्षी हसायचे. त्या वर्षी वाटलं, संशयी माणसाशी लग्न करून मी काय मिळवलं? बदलल्या असत्या गाठी तर बदलल्या असत्या.

कोपऱ्यावरच्या बूथमधून सुरतेच्या व्यापाऱ्याला फोन लावला. नुसती घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. घरी अंबरनाथला सासूबाई आणि दोन मुलं. मोठी रोज विचारायची, पप्पा कधी येणार. मी तिच्यावर खेकसायचे, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. पोरांपुढे रडायची सोय नव्हती.

पण भीती गाळ्यात खरी शिरली ती धाग्यातून. शिवणारा माणूस सुईत धागा ओवताना त्याचं टोक ओठांत धरून ओलं करतो. दिवसातून कितीदा करतो ते त्याचं त्यालाही माहीत नसतं. मी तयार फ्रॉक तपासत उभी होते आणि एकदम माझं लक्ष गेलं. सगळे कारागीर धागा तोंडात घालत होते, आणि धाग्याची ती मोठी रिळं ह्यांनीच मागच्या खेपेला सुरतेहून आणलेली.

“थांबा!” मी किंचाळले. “थुंका! सगळे थुंका!”

मशिनं थांबली. मास्टर रत्नागिरीकडचे, शांत गृहस्थ. ते म्हणाले, “वैनी, हा धागा गणपतीच्या आधीचा. तेव्हा कुठं होता प्लेग?”

“कुठं होता ते तुम्हाला तरी काय माहीत?”

मी प्रत्येक मशीनपाशी पाण्याची वाटी ठेवली. धागा वाटीत बुडवायचा, तोंडात नाही. तरी हात सवयीने ओठांकडे जायचा आणि मध्येच थबकायचा. एकाने स्वतःच्याच हातावर चापट मारली, तेव्हा सगळे हसले, मीसुद्धा हसले. दुपारनंतर मात्र यूपीचा एक कारागीर शर्टाच्या बाहीने ओठ पुसायला लागला. पुसतच राहिला. ओठ लालबुंद झाले तरी थांबेना. त्यानंतर कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याचा गाववाला पिशव्या घेऊनच आले, मला सांगून गावी निघून गेले. मी अडवलं नाही. मला जायला दुसरं गाव असतं तर मीही पोरांना घेऊन गेले असते.

हे आले ते भर दुपारी. गल्लीत टेम्पो वळला आणि मागे गाठींवर कुणीतरी तोंडाला पंचा बांधून बसलेलं दिसलं. ड्रायव्हरने त्यांना पुढे बसू दिलं नव्हतं. मी धावले.

“जवळ येऊ नकोस!” हे ओरडले.

इतक्या दिवसांनी नवऱ्याच्या तोंडून पहिला शब्द हा. मी जागच्या जागी उभी राहिले. जिवंत आहेत म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो झालाही, पण त्याच्या बरोबरीने पाय मागे सरकले. दोन्ही खरं आहे.

तोवर गल्ली गोळा झाली होती. “टेम्पो हटाओ! वापस ले जाओ!” एकाच्या हातात वीट होती. हे गाठींवरूनच बोलत होते, घसा ताणून. “मशिनं बाहेर काढा. मी मालासकट आत राहतो, शटर लावून. आठवडाभर ताप आला नाही तर भ्यायचं कारण नाही, डॉक्टरनं सांगितलंय.”

“माल फेका ना त्या वालधुनी नदीत!” मी म्हटलं.

“माल फेकला तर दिवाळी गेली. आणि मी घरी आलो तर पोरं आहेत. मला इथंच राहू दे.”

सेठ नाकाला रुमाल लावून पुढे झाला. म्हातारा, पण गल्लीत त्याचा शब्द चालायचा. “कैम्प में हम लोग भी ऐसे ही बचे थे,” तो लोकांना म्हणाला, “बीमार को अलग रख के. ये तो बीमार भी नहीं है. आदमी खुद अंदर जा रहा है, और क्या चाहिए तुमको?” मग मला म्हणाला, “मशीन मेरे दुकान के ऊपर चढ़ा दे, बाई. कमरा खाली है.” त्यालाही दिवाळीचे फ्रॉक हवे होते, हे मला कळत होतं. तरी त्या क्षणी मला तो देवमाणूस वाटला. आम्ही बौद्ध, देव मानत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.

शटर खाली आलं. मशिनं वर चढली. आणि मग सगळे माझ्याकडे बघत बसले, कारण शिवायला काही नव्हतं.

मास्टरांचं म्हणणं, आठवडा थांबू, मग गाठी उन्हात टाकू आणि रात्रंदिवस बसून फ्रॉक उरकू. बरोबरच होतं त्यांचं. सीझनच्या माणसाने असाच विचार करायचा असतो. पण माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं. गाठ उघडायची वेळ येईल, आणि कुणालातरी तिच्यात हात घालायला मला सांगावं लागेल. ते माझ्याने होणार नव्हतं. मी म्हटलं, फ्रॉक विसरा. यंदा फ्रॉक नाहीत.

मी सेठकडे गेले. “कॅम्पात आधीपासून पडलेलं कुठलंही कापड द्या. सुरतेचं सोडून.” त्याच्या माळ्यावर जाडंभरडं सुती कापड होतं, परकरांचं, मातकट रंगांचं. फ्रॉकला झालरी लावणारे हात परकर शिवायला बसले. उरलेल्या तुकड्यांचे मास्टरांनी रुमाल कापले, कारण सगळ्या बाजाराला तोंडाला बांधायला रुमाल हवा होता. मला ते आवडलं नाही. “लोकांच्या भीतीवर धंदा करायचा का आपण?” मी चिडून म्हटलं.

“भीती आपण आणली का वैनी? आपण नुसता काठ दुमडतोय.”

मी रुमालांचा गठ्ठा मोजायला घेतला. कामाची घडीही बदलली. ज्याला गावी जायचं त्याने जावं, त्याचं मशीन त्याचंच राहील. काम फक्त उजेड असेपर्यंत. दुपारी सगळ्यांनी माझ्या हातचं जेवायचं, बाहेरचं काही खायचं नाही. आणि ज्याला कणकण वाटेल त्याने लपवायचं नाही, हे मात्र मी प्रत्येकाला समोर उभं करून बजावलं.

ह्यांचं जेवण मी पत्रावळीवर नेत असे. शटर हातभर वर व्हायचं, पत्रावळ आत ओढली जायची, शटर खाली. मग आम्ही पत्र्याच्या दोन बाजूंनी बोलायचो. आत बसून ते फ्रॉकच ठरवत होते. “गुलाबी आधी कापायला घे. गुलाबीला उठाव आहे.” मी हो म्हणायचे. फ्रॉक मी कधीच सोडून दिलेत हे अंधारात एकट्या बसलेल्या माणसाला कसं सांगायचं? घरी गेल्यावर मी दाराबाहेरच अंघोळ करायचे, हात फिनेलने धुवायचे. कातडी सोलली. धाकटा जवळ आला की मी त्याला ढकलायचे, आणि तो काही समजल्यासारखा सासूबाईंकडे जायचा.

आठवडा भरत आला होता. त्या दुपारी मी जेवण घेऊन गेले तर सकाळचा चहा शटरपाशी तसाच होता, वर साय धरलेली.

“अहो?”

आतून बारीक आवाज आला. “जरा थंडी वाजतेय.”

ऑक्टोबरचं ऊन होतं. पत्र्याला हात लावला तर चटका बसेल असं.

“कुणाला सांगू नकोस,” हे आतून म्हणाले. दात वाजत होते, ते मला ऐकू येत होते. “दोन दिवस बघू. कळलं तर हे लोक माल जाळतील.”

सेठने दुकानातून बघितलं होतं. तो येऊन माझ्यापासून चार हातांवर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, सोच ले. अस्पताल की गाड़ी आई तो माल नहीं बचेगा. मैं गोली का बंदोबस्त करता हूँ, चुपचाप.” प्लेगवरच्या गोळ्या तर अख्ख्या कॅम्पात कुठल्याच दुकानात उरल्या नव्हत्या. ते त्यालाही ठाऊक होतं.

मी खूप घाबरट बाई आहे. गल्लीला घाबरत होते, त्या विटेला घाबरत होते, इस्पितळाच्या वेगळ्या वॉर्डाला घाबरत होते, तिथून माणूस परत येत नाही असं जो तो सांगत होता. पण त्याहून मोठी भीती ही की मी वर बसून परकर मोजत असेन आणि हे खाली गाठींच्या ढिगात एकटे जातील. मी वाकले आणि दोन्ही हातांनी शटर वर ढकललं. एवढा आवाज झाला की गल्लीतलं प्रत्येक डोकं वळलं.

“ताप आलाय!” मी ओरडले. “गाडी बोलवा कुणीतरी! ताप आलाय ह्यांना!”

हे गाठींना टेकून बसले होते. थंडी सोसवली नाही म्हणून त्यांनी एक गाठ फोडून कापड अंगावर ओढून घेतलं होतं. गुलाबी, चकचकीत, फ्रॉकचं. त्या गुलाबी ढिगात त्यांचं दाढी वाढलेलं तोंड तेवढं दिसत होतं. माझ्याकडे असे बघत होते, जसा काही मी त्यांचा गळाच कापला. मला त्यांचा इतका राग आणि इतकी कणव एकदम कधीच आली नव्हती. मी आत गेले, कपाळाला हात लावला. भाजला.

गाडीत मला बसू दिलं नाही. ती वळली न वळली तोच गल्लीतल्या पोरांनी बांबूंनी गाठी ओढत मैदानात नेल्या आणि रॉकेल ओतलं. सुरतेचं कापड जळत नाही, वितळतं. काळा धूर आणि घशाला झोंबणारा वास. वरच्या खोलीत सगळे खिडकीशी उभे होते. मास्टरांनी विचारलं, “आज बंद करू या?” मी म्हटलं, “नको. चालू राहू द्या.” मशिनांचा आवाज थांबला असता तर मला तो धूर ऐकू आला असता, असं काहीतरी तेव्हा वाटलं.

मुंबईच्या इस्पितळात मी बाहेरच्या बाकावर बसून होते. रक्त तपासायला नेलं होतं. माझ्यासारख्याच चार बायका, तोंडाला पदर, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दार उघडलं की सगळ्या उठायच्या, मिटलं की बसायच्या. मला वाटायचं, आता आपलं नाव घेतील आणि ते कसं घेतील त्यावरूनच कळेल. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टर आला आणि म्हणाला, मलेरिया आहे. मी म्हटलं, परत सांगा. त्याने परत सांगितलं. मी तिसऱ्यांदाही विचारलं. मलेरिया! कुणी पेढा द्यावा तसा तो शब्द मी घेतला. मला हसू फुटलं होतं, पण शेजारची बाई माझ्याकडे बघत होती. तिच्या माणसाचं अजून काही कळलं नव्हतं. मी पदर तोंडात कोंबला.

दोन दिवसांनी त्यांना साध्या वॉर्डात हलवलं आणि मला आत सोडलं. हे पलंगावर पडले होते, अर्धे झालेले. डोळे मिटलेले. पायांपाशी उभी राहिले तरी हलले नाहीत. माझ्या मनात परत पाल चुकचुकली. डॉक्टर चुकला तर? चुकतात की. छाती वर-खाली होतेय का ते मी बघत राहिले. मग हे डोळे न उघडताच म्हणाले, “माल?”

“जाळला.”

“सगळा?”

“सगळा.”

डोळे उघडले. “मग शिवताय काय?”

“परकर. आणि रुमाल.”

“परकर?” हे कोपरावर उठले. “दिवाळीला परकर? एक गाठ तरी मागे ओढायचीस! अक्कल कुठं गहाण टाकली होतीस? मी इकडे मरतोय आणि ही बाई परकर...” नर्स धावत आली. ते तिच्यावरही ओरडले. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आवाज वॉर्डभर जात होता, शेजारचे पेशंट उठून बसले. हे थांबेनात. गुलाबी कापडाला किती उठाव होता, सेठला आता काय तोंड दाखवणार, बायकांच्या हाती धंदा दिला की हेच होतं, सगळं सगळं बोलले.

मी पलंगाचा दांडा धरून उभी होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं मला सुचलं नाही.

“बोला,” मी म्हटलं. “अजून बोला.”