मडमच्या गावची मोठी माणसं
झेंडूचा वास आला की मला तळोद्याचा तो मिशनचा दवाखाना आठवतो, फिनेलच्या वासासकट. अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावाहून आलेल्या डॉक्टरीणबाई तिथं होत्या. आम्ही त्यांना मडम म्हणायचो. टेबलामागं काचेच्या चौकटीत त्यांच्या गावच्या वर्तमानपत्राचं पान होतं आणि त्यावर एक न्यायाधीश, एक गाणारी बाई आणि विमानाजवळ हसत उभा असलेला तरुण, असे तीन फोटो. "या मन्हा गावना मोठला माणसं शेतस," असं त्या आमच्याच अहिराणीत कौतुकानं सांगायच्या. माझी तान्ही लेक छातीच्या दुखण्यातून वाचली, तेव्हा दसऱ्याला मी हार घेऊन गेले. मडम आत होत्या. आमच्याकडे चौकटीत असतो तो देव, नाहीतर गेलेला माणूस. म्हणून मी हार सरळ त्या चौकटीला घातला आणि हात जोडले. मडम बाहेर आल्या नि जागीच थबकल्या. चेहरा पांढराफटक. तिकडे लढाई चालू होती, हे मला कुठं ठाऊक! आता हाकलतात, असं वाटून मी लेकीला घट्ट धरलं. "हाऊ विमानवाला मन्हा भाऊ शे," त्या हळू म्हणाल्या, "जित्ता शे." त्यांनी हार उतरवला आणि माझ्या लेकीच्या गळ्यात घातला. पुढच्या दिवाळीत लेकीला देवी टोचायला नेलं, तर चौकटीला ताज्या झेंडूचा हार होता. मडम पाठमोऱ्या उभ्या राहून सुया उकळत होत्या. मी लेकीचे इवले हात त्या विमानवाल्याच्या फोटोपुढं जोडले. आता त्या लेकीला सुना आल्या, तरी दसऱ्याचा पहिला हार मी तिच्याच गळ्यात घालते, देवाचा नंतर.